आठ महिने खिशात: रिको जीआर थ्री

रिको जीआर थ्री हा खिशात मावणारा कॅमेरा घेण्याआधी मी त्याच्याच मापाचा एक खोटा कॅमेरा बनवला होता. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ११ सेंमी लांब, ६ सेंमी उंच आणि सव्वातीन सेंमी जाड अशी डबी चिकटवली. आत नटबोल्ट भरले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवून बरोबर २५७ ग्रॅम भरेपर्यंत नट घालत-काढत बसलो. दुकानदार मामा म्हणाले, "आता नट विकाय काढलंस व्हय?"

ही डबी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. माझं काम फिरतीचं, खत-बियाण्यांचं. करवीर, कागल, पन्हाळा, रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटरसायकल. घरी एक मोठा डीएसएलआर कॅमेरा आहे, पण तो कपाटातच. लग्न आलं की निघतो आणि रिसेप्शन संपलं की परत आत. म्हणून यावेळी ठरवलं होतं की जे घ्यायचं ते खिशाच्या मापाचं, आणि खिसा माझा, जाहिरातीतल्या माणसाचा नव्हे.

डबीनं आठ दिवसांत बरंच शिकवलं. शर्टाच्या खिशात ठेवली तर बांधावर वाकून रोप बघताना दोनदा खाली पडली. जीन्समध्ये बसते, पण गाडीवर मांडीला टोचते. साध्या फॉर्मल पँटच्या उजव्या खिशात मात्र विसरायला होतं. शेवटी शिंप्याकडून दोन शर्टांचे खिसे बोटभर खोल करून वर बटण लावून घेतलं. खर्च चाळीस रुपये. या सगळ्या खरेदीत सर्वांत चांगला कामी आलेला पैसा हाच.

यादीत इतरही होते. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतलं सातवं मॉडेल २४ ते २०० मिमी झूम देतं, वर डोळा लावून बघायचा छोटा व्ह्यूफाइंडरही आहे, वजन ३०२ ग्रॅम. कॅननचा जी ७ एक्स मार्क थ्री ३०४ ग्रॅम, लेन्स एफ १.८ पासून सुरू (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). दोन्ही उत्तम. फुजीच्या एक्स १०० मालिकेवर तर जीवच जडला होता, पण तो अर्ध्या किलोच्या घरातला गडी. त्याला जॅकेटचा खिसा लागतो, आणि कोल्हापुरात जॅकेट वर्षातनं दोन महिने अंगावर चढतं.

जीआर थ्री २०१९ सालचा. मी पुण्यातल्या एकाकडून जुना घेतला. याच्या एवढ्याशा अंगात उजेड टिपणारा एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे डीएसएलआरच्या मापाचा, वरच्या सोनी-कॅननमधल्या एक इंची सेन्सरच्या तिपटीहून मोठा. २४ मेगापिक्सेल. लेन्स एकच, २८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, एफ २.८. झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, मागचा स्क्रीन हलत नाही. हे वाचून पुतण्या म्हणाला, "काका, मग आहे काय त्यात?"

सेन्सर मोठा म्हणून अंधारात आपोआप बाजी मारेल, असं मात्र समजू नका. समोरच्या एक इंचीवाल्याची लेन्स एफ १.८ असेल तर मोठ्या सेन्सरचा बराचसा फायदा तिथंच वसूल होतो. फरक इतकाच की झूम जरा पुढे नेली की तो १.८ राहत नाही. माझा कल शेवटी फोटोतल्या बारकाव्याकडं आणि कॅमेऱ्याच्या कमी जाडीकडं झुकला.

आता वापराचं.

मोबाइल सोडून हा का, असं सगळेच विचारतात. माझं उत्तर तांत्रिक नाही. मोबाइल बाहेर काढला की त्यावर तीन मिस्ड कॉल असतात, एका दुकानदाराची युरियाची ऑर्डर असते, आणि फोटो राहून जातो. शिवाय मोबाइल वर धरला की समोरचा माणूस सावध होतो. हे कुठं टाकणार, स्टेटसला की ग्रुपवर? या काळ्या डबीकडं बघून कुणी सावध होत नाही. कागलकडच्या एका गुऱ्हाळावर गुळव्यानं काहिलीतला पाक ढवळता ढवळता विचारलं, "पावनं, रोल मिळतोय व्हय अजून?" मी नाही म्हटलं नाही. त्याला तो माझ्या बापाचा जुना कॅमेरा वाटला, आणि पुढचा तासभर त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या गुऱ्हाळावरच या कॅमेऱ्याची खरी गंमत कळली. पहाटेची वेळ, चुलवाणात चिपाड पेटलेलं, वर एकच पिवळा दिवा आणि सगळीकडे वाफ. अशा धुरकट जागी ऑटोफोकस चाचपडतो. हा तर अंधारात चांगलाच चाचपडतो, ती त्याची कमजोरी आहेच. पण यात 'स्नॅप फोकस' नावाची सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं: १ मीटर, दीड, २, अडीच, ५. मग बटण अर्धं न थांबवता एका दमात खाली दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर थेट फोटो घेतो. उन्हात मी एफ ८ आणि अडीच मीटर ठेवतो. साधारण सव्वा मीटरपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. गुऱ्हाळात तेवढा उजेड कुठला, तिथं एफ २.८ आणि दीड मीटर. मग आपलं पाऊल मोजून उभं राहायचं. आठ महिन्यांत दीड मीटर म्हणजे किती, हे माझ्या पायांना कळायला लागलंय.

सुरू व्हायला सेकंदही लागत नाही आणि सगळं उजव्या एका हातानं जमतं. गाडीचं हँडल डाव्या हातात, पाय जमिनीवर, आणि उसाची ट्रॉली समोरून जायच्या आत फोटो झालेला असतो.

आतला स्टॅबिलायझर तालमीत उपयोगी पडला. १/१५ सेकंदाला हातात धरून काढलेल्या फोटोत भिंतीवरचे मुद्गल, मारुतीचा कोनाडा, आखाड्यातल्या मातीचा कणन् कण स्पष्ट. जोर मारणारी पोरं मात्र पुसट. स्टॅबिलायझर आपला हात थांबवतो, पैलवानाला नाही. त्यांच्यासाठी १/१२५ आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४००. फोटोत कण दिसतात, पण कृष्णधवल केलं की ते मातीसारखेच शोभतात.

आता तक्रारी. बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार २०० फोटोंची, आणि ती इंचभर पुढे जात नाही. दोन जादा बॅटऱ्या घेतल्या. मोबाइलच्याच यूएसबी-सी केबलनं चार्ज होतो, हा आधार. कार्ड घरी राहिलं तर आतली २ जीबी मेमरी एक-दोनदा कामी आली. व्हिडिओसाठी घेऊ नका. मुलीचं गॅदरिंग होतं, तिसऱ्या रांगेतून ती फोटोत अंगठ्याएवढी आली. ५० मिमीचं क्रॉप, म्हणजे फोटोचा मधला भाग कापून घ्यायची सोय, आहे, पण त्यात हाताशी ७ मेगापिक्सेलच उरतात. बायकोनं तेव्हा माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती कुठल्याच मेनूत बसत नाही. चेहरेच काढायचे असतील तर ४० मिमीचा जीआर थ्री एक्स बघा. २८ मिमीनं जवळून काढलेलं नाक नातेवाइकांना आवडत नाही.

एक अपघात, तो पूर्ण माझ्या मूर्खपणाचा. त्याच गुऱ्हाळात काकवीचा एक थेंब उडून लेन्सच्या नळीवर पडला. मी बघितलाच नाही, कॅमेरा बंद केला, नळी अर्धी आत गेली आणि चिकटून थांबली. पोटात गोळा. बॅटरी काढली, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं कडा हळूहळू पुसत वीस मिनिटं बसलो. सुटली. गुळव्या म्हणाला, "ग्वाड खातंय की मशिन तुमचं." तेव्हापासून बंद करण्याआधी नळीवरून बोट फिरवायची सवय लागली आहे. थंडीत बाहेरून थेट वाफेत शिरलात तर काचेवर धुकं धरतं. पाच मिनिटं खिशातच ठेवा, अंगाच्या उबेनं जातं. खिशातला भुसकटाचा गोळा आठवड्याला उलटा करून झाडायचा, कारण धुळीपासून याला संरक्षण नाही.

पाण्यापासूनही नाही. जूनपासून तो जिपलॉकच्या पिशवीत असतो, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. पिशवीतून काढून सुरू करेपर्यंत जो वेळ जातो, त्यात या कॅमेऱ्याचा अर्धा फायदा वाहून जातो. परवा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, अर्धं गाव छत्र्या घेऊन पंचगंगेवर. पाऊस आडवा लागलेला. कॅमेरा बटण लावलेल्या खिशात, खिशावर रेनकोट. फोटो मोबाइलवर काढला, आणि तेवढ्यात युरियाचा फोन आलाच.