मुंबईत शिडाची बोट कुठे ठेवावी: गेटवे, मांडवा की थेट कोची?

आमची बोट २६ फुटी. शिडाची, सेकंडहँड, तिघांत मिळून घेतलेली. मी पार्ल्याचा, एक भागीदार ठाण्याचा, तिसऱ्याचं अलिबागजवळ घर; त्यामुळे ती ठेवायची कुठे यावर बोट येण्याआधीच भांडण सुरू झालं होतं. तीन हंगामांत दोन जागा वापरून झाल्या आणि तिसरी पाहून झाली. नवीन बोट घेणारे हल्ली विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

‘मरीना’ म्हटलं की डोळ्यांपुढे तरंगता धक्का येतो, शेजारी नळ, विजेचा खांब, चपला घालून थेट बोटीवर. गेटवेसमोर यातलं काही नाही. पाण्यात बोया, म्हणजे तरंगता गोळा, त्याखाली साखळी, साखळीच्या टोकाला तळात रुतलेलं वजन. बोट त्या बोयाला बांधायची आणि जायला-यायला होडी. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा आहे, पण त्याच्यासमोरच्या बोटीही अशाच बोयावर डुलताना दिसतात.

मी सुरुवातीला भाडं किती, पहारा आहे का, गोडं पाणी मिळेल का, एवढंच विचारत होतो. खरा प्रश्न भरतीचा होता. इथे उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मजला. पहिल्या रविवारी सकाळी सहाला सहकुटुंब हजर झालो तर खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. होडीवाल्याने खालूनच हात हलवला, “साहेब, आता नको. साडेसातला या, पायऱ्यांना पाणी लागू दे.” बायकोने दीड तास कबुतरं मोजली. तेव्हापासून भरतीचं कोष्टक आमच्या फ्रिजवर आहे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

याच ओहोटीचा दुसरा त्रास बोयावर दिसतो. पाणी उतरलं की साखळी सैल पडते आणि बोटीचा फेरा वाढतो. त्यात आमच्यासारखी खोल कीलची (तळाखाली खोलवर गेलेल्या जड पात्याची) बोट पाण्याच्या ओढीकडे तोंड करते, शेजारची उथळ तळाची लाँच वाऱ्याकडे. वारा आणि ओढ उलट दिशांनी असले की दोघी एकमेकींच्या अंगावर येतात. म्हणून बोया बघायला जाल तेव्हा ओहोटीला जा आणि शेजारी कोण आहे ते आधी बघा. आमच्या उजव्या बाजूचा ओरखडा हे न बघितल्याचा.

पहिल्या हंगामात बोया एका खाजगी माणसाकडून घेतला होता. नाव लिहीत नाही. जानेवारीत एका रात्री शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन निघाली, कारण पिनेला तार बांधलेलीच नव्हती. पाच रुपयांची तार! बोट वाहत जाऊन एका लाँचला टेकली, म्हणून वाचली. ती पहाटे पाहिली आमच्या होडीवाल्याने, आणि फोनही त्यानेच केला. बोयावाल्याला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. दुसऱ्या हंगामात मी आधी होडीवाला पक्का केला आणि तो म्हणेल तिथला बोया घेतला. माझ्या मते गेटवेला हाच क्रम बरोबर आहे.

गेटवेच्या बाजूने बोलायचं तर जागेला तोड नाही. चर्चगेटवरून टॅक्सी, आणि अर्ध्या तासात शीड वर. सकाळी मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, इंजिनाला हातही लावावा लागत नाही. मात्र हे बंदर आहे हे विसरू नका. मुंबई आणि न्हावाशेवा, दोन्हीकडच्या जहाजांची वाट समोरूनच जाते, आणि कंटेनरचं जहाज तुमच्यासाठी वळत नसतं. नौदलाची गोदी आणि बुचर बेटाचा तेलधक्का यांच्यापासून लांबच राहा. शिवाय प्रवासी लाँचच्या लाटांनी बोट दिवसभर हलत असते. बांधलेल्या बोटीवर बसून निवांत चहा पिऊ, ही कल्पना घरीच ठेवून या.

मांडव्याबद्दल थोडक्यात. अलिबागवाल्या भागीदाराच्या हट्टाने एक हंगाम तिथे काढला. गर्दी कमी, रो-रोसाठी (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीसाठी) बांधलेल्या लाटरोधकाचा थोडाफार आडोसा. पण दुपारचा वायव्येचा वारा थेट किनाऱ्यावर येतो आणि आडोशाबाहेर पाणी चांगलंच उसळतं. आणि पार्ल्याहून बोटीपर्यंत जायला आधी दुसऱ्या बोटीत तास काढायचा! ज्याचं घर पलीकडे त्याने खुशाल घ्यावा.

कोचीला गेलो मित्राच्या बोटीवर खलाशी म्हणून, मासेमारीची जाळी चुकवत पाच दिवसांत. बोळगट्टी बेटावर, १७४४ साली डचांनी बांधलेल्या वाड्याच्या आवारात केरळ पर्यटन विकास महामंडळाचा मरीना आहे, पलीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्याच्या क्रेन. बंदर तेवढंच गजबजलेलं, पण भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आतच, त्यामुळे तरंगता धक्का जेमतेम वरखाली होतो. रात्री दोनला उठून मी उगाच धक्क्यावर फेरी मारून आलो, केवळ मारता येते म्हणून. खोल कील असेल तर त्या दिवशीची खोली फोनवर विचारूनच शिरा, तिथल्या खाडीत गाळ साचतो. आणि पावसानंतर वाहत येणारी जलपर्णी इंजिनाच्या पाण्याच्या तोंडात अडकते. लांबच्या सफरीला निघालेल्यांनी जरूर थांबावं. रविवारी चार तास मिळणाऱ्या माणसाला मात्र शेकडो मैलांवरचा नळ काय कामाचा?

पावसाळ्यात गेटवेला बोट ठेवायचा विचारही नको. मेअखेर ती उचलून यार्डात जाते आणि तळ खरवडून रंगवण्याचं बिल अख्ख्या हंगामाच्या भाड्यापेक्षा जास्त होतं. बोट घेतानाच ते धरा. आमची आत्ता तिथेच ताडपत्रीखाली आहे. ऑक्टोबरात परत गेटवेलाच नेतोय, ठाणेकर भागीदार राजी, अलिबागकर रुसलेला. होडीवाल्याशी बोलणं झालंय. या वेळी त्याची एकच अट आहे: बूमवर (शिडाखालच्या आडव्या दांड्यावर) कबुतरं बसू नयेत म्हणून काहीतरी बांधा, धुवायला तो येणार नाही.