सीव्ही जॉइंटचे किट बदलून आठ महिने: चाकातील कट-कट आवाजाचा अनुभव

धरमपेठेतील आमच्या अरुंद गल्लीतून गाडी बाहेर काढताना स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट आवाज येत असे. सरळ रस्त्यावर मात्र काहीच ऐकू येत नसे. पहिल्या गॅरेजने बेअरिंग बदलून दिले आणि आवाज जसाच्या तसा राहिला. बेअरिंग खराब झाले की वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर येते, गाडी ओढ घेताना वळणावर येणारी कट-कट हे त्याचे लक्षण नव्हे, हे मला पैसे गेल्यावर कळले.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी टायरच्या खाचेत खडा अडकला आहे का आणि व्हील कव्हर सैल आहे का, हे पाहिले. नंतर एका कंपाउंडच्या भिंतीलगत, काचा खाली करून, पहिल्या गिअरमध्ये दोन्ही बाजूंना गोल फेऱ्या मारल्या, कारण भिंतीवर आपटून परत येणारा आवाज गाडीत बसूनही स्पष्ट ऐकू येतो. गाडी वर उचलल्यावर उलगडा झाला: इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला, चाक वळलेले असतानाही ते फिरवणारा सीव्ही जॉइंट असतो; त्यावरचा रबरी बूट (ग्रीस धरून ठेवणारे आवरण) घडीवर चिरला होता आणि उडालेल्या ग्रीसचा काळा पट्टा रिमच्या आतल्या बाजूला बसला होता. ग्रीस गेले आणि धूळ आत शिरली, की जॉइंटमधील ६ गोळ्या ज्या खाचांतून सरकतात त्या झिजतात आणि वळणावर जोर पडताच गोळ्या वाजू लागतात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांनी रबर कडक झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

पूर्ण शाफ्टऐवजी केवळ बाहेरच्या जॉइंटचे किट (नवा जॉइंट, बूट आणि बूट आवळणारे क्लॅम्प) बसवले आणि वळणावरचा आवाज त्याच दिवशी थांबला.

दोन महिन्यांनी मात्र, रिव्हर्सनंतर पुढे निघताना एकदाच ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. किट सदोष निघाले असे समजून मी ते परत करायलाच निघालो होतो. पण मिस्त्रींचे म्हणणे असे पडले की झिजलेला जॉइंट चाकाच्या फेऱ्यांबरोबर पुन्हापुन्हा वाजतो, तर दिशा बदलताना एकदाच येणारा आवाज ब्रेक पॅड जागेवर सरकल्याने किंवा शाफ्ट आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) यांच्यातील सूक्ष्म हालचालीने येतो. पॅड घट्ट होते. हब नट पहिल्या वेळी अंदाजाने आवळला गेला होता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. नवा नट घालून तो टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधील मापाप्रमाणे आवळल्यावर तोही आवाज गेला.

आतापर्यंत सुमारे ९,००० किलोमीटर झाले असून त्यात रामटेकच्या गडाची चढणही आली. किटबद्दल माझी एकच तक्रार आहे: त्यातील लहान क्लॅम्प चौथ्या महिन्यात सैल पडून ग्रीस पाझरू लागले, म्हणून तो स्टीलचा घालावा लागला. तेव्हापासून दर महिन्याला स्टेअरिंग पूर्ण वळवून, टॉर्चच्या उजेडात दोन्ही बूट पाहतो. परवापर्यंत ते कोरडे होते.