३०१८ सीएनसी राउटर, आठ महिन्यांनंतर: मशीनआधी वायरी बघा

दिवाळीच्या आठ दिवस आधी माझ्या ३०१८ वर, म्हणजे लॅपटॉपवरून चालणाऱ्या, ३० बाय १८ सेंटिमीटरपर्यंत कोरणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनवर, मावशीच्या नव्या घराची पाटी करत होतो. सागवान, वर 'श्रमसाफल्य' एवढंच. जॉब, म्हणजे एक फाइल कोरायचं काम, २ तास ४० मिनिटांचा. सव्वादोन तास झाले आणि लॅपटॉपमधून यूएसबी काढल्यावर येतो तो आवाज आला. मशीन जागच्या जागी थांबलं पण स्पिंडल, म्हणजे कापणारं बिट फिरवणारी मोटर, फिरतच राहिला, मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत बिट त्याच जागी घासत होतं, आणि 'फ'च्या पोटात हरभऱ्याएवढा काळा जळका डाग. खोलीभर सागाच्या धुराचा वास. मशीनला आपली मूळ जागा ओळखून देणारे लिमिट स्विच नाहीत, परत कनेक्ट केलं की बोर्ड रीसेट होतं आणि आपण कुठे होतो हे ते विसरतं, म्हणजे तिथून पुढे चालू करायची सोयच नाही. पाटी गेली.

मला किट १७,८०० ला पडलं, वर बिट, क्लॅम्प, एमडीएफ आणि मास्क धरून ३,२०० गेले, म्हणजे २१,००० मध्ये घरात सीएनसी. या पैशात हे मशीन जे करतं ते बघून मी खरंच खूश आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तक्रारीचं वाटेल.

तक्रार एकच, यूएसबी तुटणं. पहिल्या पाच महिन्यांत मी मोजून ११ जॉब यात घालवले. छोटा जॉब असेल, २० मिनिटांची कीचेन वगैरे, तर काही होत नाही, दीड तासाच्या पुढे गेलं की जीव टांगणीला. आणि लाकूड काही फुकट येत नाही हो, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागाचे तुकडे सुद्धा आता वजनावर घासाघीस करून घ्यावे लागतात.

विक्रेत्याला फोन केला तर पहिलं उत्तर, तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे. बरं, मित्राचा लॅपटॉप आणला, तेच. मग म्हणे ड्रायव्हर परत टाका, टाकला. विंडोजमध्ये यूएसबी पोर्ट झोपवायची सेटिंग असते ती बंद केली, थोडा फरक पडला असं दोन दिवस वाटलं, मग परत तेच. शेवटी तीन आठवडे रोज मेसेज करून त्यांनी बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं, कुरिअर माझ्या खर्चाने. नवीन बोर्ड लावलं, दुसऱ्याच जॉबला यूएसबी तुटली. त्या रात्री मी एक स्टार देऊन मोकळा झालो होतो.

इथपर्यंतचं मत डिसेंबरमधलं. आता बदललंय, म्हणूनच हे लिहायला बसलो.

झालं असं की एकदा स्पिंडल बंद ठेवून तीच फाइल नुसती हवेत चालवली. पूर्ण चालली. परत चालवली, परत पूर्ण. स्पिंडल चालू केला की तुटणार. म्हणजे बोर्ड, लॅपटॉप, ड्रायव्हर सगळे निर्दोष, गुन्हेगार ती स्पिंडलची ७७५ मोटर. ही ब्रशवाली मोटर आहे, आत कार्बन ब्रश घासतात तिथे सतत बारीक ठिणग्या पडतात आणि त्या ठिणग्यांचा इलेक्ट्रिकल नॉइज वायरींमधून सगळीकडे पसरतो. यूएसबीला तो सहन होत नाही, लॅपटॉपला वाटतं वायर निघाली. फाइल लॅपटॉपवरून ओळीओळीने जात असते, बोर्डाकडे थोड्याच ओळी शिल्लक असतात, त्या संपल्या की मशीन उभं, आणि स्पिंडलला थांब म्हणणारं कोणी नाही. डाग पडतो तो असा.

उपाय तीन केले. हा नॉइज मोटरपाशीच जिरवायला तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, १०४ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर आणले, ५ रुपयांच्या आत एक मिळतो. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला एकेक. पत्रा आधी सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर सोल्डर धरत नाही. दुसरं, दीड मीटरची वायर काढून अर्ध्या मीटरची जाड, नॉइज अडवणारा फेराइटचा गोळा असलेली यूएसबी वायर लावली. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मोटरची वायर आणि यूएसबी वायर वेगळ्या बाजूंनी नेल्या. जोडणी करताना मी त्या एकाच टायने नीटनेटक्या बांधल्या होत्या, कारण किटबरोबरच्या कागदावरच्या चित्रात तशाच होत्या.

सगळा खर्च १९० रुपये. तेव्हापासून दोन महिन्यांत एकदाही तुटलेली नाही, परवा ४ तास १० मिनिटांचा जॉब एका दमात झाला आणि मी शेवटचा अर्धा तास मशीनशेजारी उभा राहून बघत होतो.

तर स्टार एकाचे चार केले. पण राग गेलेला नाही. पाच रुपयांची वस्तू कारखान्यातच मोटरवर लावून का देत नाहीत? तीन आठवडे मला फिरवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

ज्यांना सोल्डरिंग करायचं नाही त्यांनी ऑफलाइन कंट्रोलरवालं किट घ्या, एसडी कार्डवरून चालतं, लॅपटॉपच लागत नाही. मी ते खेळणं समजून १,५०० वाचवले होते. एकट्या सागाचा हिशोब केला तरी ते पैसे केव्हाच गेले.

बाकीचं भराभर. बरोबर येणारी टोकदार व्ही-बिटं सरावापुरती, पहिल्या आठवड्यात चार मोडली. सागात दोन धारांचं ३.१७५ मिमीचं बिट, एका फेरीला अर्धा ते एक मिमी खोल, मिनिटाला ५०० मिमीचा फीड म्हणजे वेग, याच्या पुढे मशीन कण्हायला लागतं. मोटरला दांड्याशी जोडणाऱ्या कपलरचे बारके ग्रब स्क्रू महिन्यातून एकदा आवळा. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, एन९५ शिवाय बसू नका आणि खोलीचं दार लावा.

आणि मराठी पाट्या करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला कुठेच कोणी सांगितली नाही. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्ता किंवा बालू फॉन्टमध्ये नाव टाइप करून त्याचा पाथ, म्हणजे आकाररेषा, केलं की प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर सलग दिसते, पण बिट ती प्रत्येक कड वेगळी कापतं आणि रेषेत मध्ये मध्ये खाचा पडतात. सगळं निवडून युनियन करा, म्हणजे सगळे आकार मिळून एक होतात, मगच टूलपाथ, म्हणजे बिटाचा मार्ग, काढा. फळी एका बाजूला किंचित वर-खाली बसली असेल तर व्ही-बिटने कोरताना तेही शिरोरेषेत दिसतं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक.

मावशीची पाटी संक्रांतीला दिली. जळक्या फळीच्या मागच्या बाजूलाच कोरली, १८ मिमी जाडी होती म्हणून जमलं.