परदेशातली संडास-सांडपाण्याची स्वयंसेवा: पैसे भरण्याआधी काय तपासावं

शौचालयं बांधायला किंवा सांडपाण्याची सोय लावायला परदेशी स्वयंसेवक नेणारे कार्यक्रम ढोबळमानाने पाच प्रकारचे आहेत: पैसे भरून जायचे दोन-तीन आठवड्यांचे, अभियंत्यांच्या संघटनांचे, वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकांचे, आपत्तीच्या वेळचे आणि घरबसल्या करायचे. इथे सगळ्यांना एकच प्रश्न लावला आहे. खड्डा किंवा टाकी भरली की ती कोण उपसणार, कशाने उपसणार आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार? ज्या कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात याचं उत्तर नाही, त्याला आमच्याकडून पाचपैकी दोनच्या वर गुण नाहीत. मग फोटोतली मुलं कितीही हसरी असोत.

हाच प्रश्न का, तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये सुमारे ३५० कोटी लोकांना सुरक्षित शौचव्यवस्था नव्हती. त्यांतले उघड्यावर जाणारे सुमारे ४२ कोटी. म्हणजे उरलेल्या बहुतेकांकडे कसला तरी संडास आहेच. घोटाळा पुढे आहे: मैला झिरपतो कुठे, वाहतो कुठे, जातो कुठे.

पैसे भरून जायचे कार्यक्रम सगळ्यांत जास्त दिसतात आणि सगळ्यांत कमी उपयोगाचे असतात. स्वयंसेवकाला काम मिळतं खोदायचं, विटा वाहायचं आणि रंग द्यायचं. स्थानिक गवंडी आणि दोन मजूर जी भिंत दोन दिवसांत उभी करतील, ती इथे आठवडाभर चालते आणि ओळंब्यात येत नाही ती नाहीच. पण वाकडी भिंत चालून जाते. चूक जमिनीखाली होते.

साधा हिशोब पाहा. कोरड्या खड्ड्यात माणशी वर्षाला साधारण ६० लिटर गाळ साठतो, पाण्याने धुणारी कुटुंबं असतील तर ४० च्या आसपास. सहा माणसं, पाच वर्षं, ६० लिटर धरलं तर १.८ घनमीटर होतात. एक मीटर व्यासाच्या गोल खड्ड्यात त्याला सुमारे २.३ मीटर खोली लागते, वर अर्धा मीटर मोकळा सोडायचा, म्हणजे एकूण २.८ मीटर. आता दहा हौशी माणसं टिकाव-फावडं घेऊन दीड मीटरपर्यंत जातात, खाली मुरूम किंवा खडक लागतो, परतीचं विमान शुक्रवारी असतं, आणि खड्डा तिथेच थांबतो. त्यात उपयोगी खोली एक मीटर उरली. हे शौचालय सव्वादोन वर्षांत भरतं. तोवर फलक लागलेला असतो आणि मंडळी पुढच्या गावी गेलेली असतात.

दुसरी चूक ऋतूची. हे कार्यक्रम सुट्ट्यांत आणि रस्ते चालू असतील तेव्हा, म्हणजे बहुधा कोरड्या दिवसांत चालतात. खड्डा तळापर्यंत कोरडा दिसतो. पण नियम असा की खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या भूजल पातळीच्या किमान दीड मीटर वर हवा, आणि विहीर किंवा हातपंप निदान ३० मीटर दूर. भेगाळ खडकात हे ३० मीटरही पुरत नाहीत, कारण पाणी गाळून न निघता थेट फटीतून धावतं. म्हणून नोंदणीआधी विचारा: जवळच्या विहिरीला भर पावसाळ्यात पाणी किती खाली असतं? ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांनी जागा पाहून ठरवलेली नाही, रस्ता पाहून ठरवलेली आहे.

व्हेंट पाइपचं शौचालय हे तर चांगल्या हेतूने बिघडवण्याचं उत्तम उदाहरण. त्याचं तंत्र असं: छपराच्या अर्धा मीटर वर गेलेल्या पाइपाच्या तोंडावरून वारा वाहतो, खड्ड्यातली हवा वर ओढली जाते आणि वास आत येत नाही. आत अंधार असल्यामुळे खड्ड्यातल्या माश्या पाइपाच्या वरच्या टोकाला दिसणाऱ्या उजेडाकडे जातात आणि जाळीत अडकून मरतात. पाइप सरळ हवा, एकही बाक नको, व्यास किमान ११० मिलिमीटर, १५० असेल तर बरं. जाळी स्टेनलेस स्टीलची. साधी लोखंडी जाळी खालून येणाऱ्या वायूंनी लवकर गंजते. आता स्वयंसेवक काय करतात? आत ‘प्रसन्न’ वाटावं म्हणून भिंती पांढऱ्या करतात आणि एक मोठी खिडकी ठेवतात. आत उजेड झाला की माश्या पाइपात न जाता बैठकीच्या भोकातून माणसांकडे येतात. भोकावर घट्ट झाकण बसवलं तर हवेचा मार्गच बंद होतो. दोन्ही चुका एकाच शौचालयात आढळणं दुर्मीळ नाही. पैसे भरून जायच्या या प्रकाराला पाचपैकी दीड, तोही गवंड्यांना मजुरी मिळते म्हणून.

अभियंत्यांच्या संघटना वेगळ्या. ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ची अमेरिकी संघटना २००२ मध्ये सुरू झाली. तिच्या शाखा एका वस्तीशी अनेक वर्षांचा करार करतात; आधी पाहणी, मग बांधकाम, मग देखरेख अशा टप्प्यांनी जातात आणि आराखडे अनुभवी अभियंत्यांच्या नजरेखालून जातात. शिकायचं असेल तर हीच जागा. पाचपैकी चार. एक गुण कापला तो सातत्याचा: विद्यार्थी शाखांतली मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि मोजमापांची वही कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये अडकते. सामील होताना मागच्या पाहणीची मूळ मोजमापं मागा. अहवाल नको, मोजमापं.

त्या मोजमापांत पहिल्यांदा पाझर चाचणी, म्हणजे माती पाणी किती वेगाने शोषते त्याची नोंद, बघावी. खड्डा साधारण ३० सेंटिमीटर रुंद, ठरलेल्या खोलीपर्यंत नेलेला. आदल्या दिवशी पाण्याने भरून माती रात्रभर भिजू द्यायची आणि मगच पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं, लागोपाठ आकडा स्थिर येईपर्यंत. भिजवण्याची रात्र घाईत गाळली जाते. कोरडी माती पाणी गटागट पिते, आकडा छान येतो, त्यावरून शोषखड्डा लहान काढला जातो आणि पहिल्या पावसाळ्यात सांडपाणी अंगणात येतं.

सेप्टिक टँकच्या पुढे खडीत झाडं लावून पाणी गाळणारा वाफा करायचा असेल, तर तिथे स्वयंसेवकाचे हात खरोखर कामी येतात, कारण खडी चाळणं आणि धुणं हे कंटाळवाणं काम ठेकेदार टाळतो. न धुतलेल्या खडीची भुकटी तळाशी बसून वाफा तुंबवते. पाणी शिरतं तिथे ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, मधल्या भागात १० ते २० मिलिमीटरची खडी, आणि पाणी खडीच्या वरच्या पातळीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर खालीच. बाहेरच्या टोकाला फिरवता येणारा एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) बसवावा, म्हणजे पाण्याची पातळी हाताने कमी-जास्त करता येते. स्वयंपाकघराचं पाणी ग्रीस ट्रॅपशिवाय (तेल-तूप अडवणाऱ्या पेटीशिवाय) सोडलं तर वरची सगळी मेहनत वाया.

आणि टाकीची देखरेख कुणाला तरी शिकवून यावी. लांब काठीला जुनं पांढरं फडकं गुंडाळायचं, सावकाश तळापर्यंत सोडायची, काही मिनिटं थांबून वर काढायची. गाळाचे काळे कण जिथपर्यंत चिकटलेले दिसतात, तिथपर्यंत गाळ. वरची साय आणि खालचा गाळ मिळून टाकीच्या पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला की उपसा करायचा. या पाच मिनिटांच्या कामासाठी तारीख, नाव आणि काठीची जागा ठरवून ठेवलेली असली, तर तो प्रकल्प इतरांपेक्षा जास्त टिकतो.

वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुका ज्यांना जमतात त्यांनी त्याच घ्याव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात शुल्क नसतं, उलट दरमहा निर्वाह भत्ता मिळतो. १९६१ पासून चालू असलेली अमेरिकी सरकारची पीस कोअर ही स्वयंसेवक संस्था फक्त अमेरिकी नागरिकांसाठी. इथे फावडं क्वचितच हाती येतं. काम असतं नगरपालिकेसोबत टँकरवाल्यांची नोंद करणं, उपशाचे दर ठरवणं, मैला कुठून निघून कुठे पोहोचतो याचा प्रवाह-आराखडा काढणं. कोबोटूलबॉक्ससारखं मोफत साधन फोनवर चालतं, घरोघरची नोंद त्यात होते. काम रुक्ष आहे आणि फोटो चांगले येत नाहीत. पण कोरडा आणि ओला, दोन्ही ऋतू डोळ्यांसमोरून जातात, आणि त्याला पर्याय नाही. साडेचार.

आपत्तीच्या कामाला नवख्यांनी जाऊ नये, एवढं सांगितलं तरी पुरे. १९८० मध्ये सुरू झालेल्या, मदतकार्याला अभियंते पुरवणाऱ्या रेडआरसारख्या संस्था अनुभवी अभियंत्यांसाठी आहेत. तिथे स्फिअरचे, म्हणजे मदतकार्यासाठीचे आंतरराष्ट्रीय, मानदंड वापरतात: सुरुवातीला ५० माणसांमागे एक शौचालय, मग लवकरात लवकर २० मागे एक, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. आकडा गाठायच्या घाईत काय होतं ते २०१७ मध्ये बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत दिसलं. टेकड्यांवर हजारो शौचालयं झटपट उभी राहिली, खड्डे उथळ, काही हातपंपांच्या अगदी जवळ, आणि थोड्याच दिवसांत भरलेली. मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं नंतर आली. त्यांतलं ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं एक दीड लाख लोकांच्या मैल्यासाठी बांधलेलं होतं.

मदतीला गेलेल्यांचं स्वतःचं सांडपाणी कुठे जातं, हेही विचारायचंच. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचा मैला आर्तिबोनित नदीच्या उपनदीत गेला आणि कॉलऱ्याची साथ सुरू झाली. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार दगावले. या साथीतली आपली भूमिका संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये मान्य केली. तेव्हा स्वयंसेवकांच्या निवासाची टाकी दाखवा म्हणताना संकोच नको.

सुरक्षेच्या बाबतीत एक अट तडजोडीची नाही: भरलेल्या किंवा रिकाम्या, कुठल्याही खड्ड्यात वा टाकीत उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला कळेनासाच होतो, म्हणून ‘वास गेला, आता उतरा’ हे वाक्य जीवघेणं आहे. दुसऱ्या कुणाला उतरवत असतील आणि वायुमापक, तिवई, दोर आणि वर उभा माणूस नसेल, तर तेही काम नाकारा. हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड, धनुर्वात यांच्या लसी निघण्याच्या बऱ्याच आधी घ्या. लेप्टोस्पायरोसिससाठी मात्र गमबूट आणि हातमोजे हाच मुख्य आधार. विम्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च आहे का, ते कागदावर पाहून घ्या.

उरला ऑनलाइन प्रकार. संयुक्त राष्ट्रांच्या ऑनलाइन कामांत आठवड्याला २० तासांपर्यंत वेळ द्यायचा असतो. स्थापत्याचं शिक्षण असणाऱ्याला हा सौदा उत्तम: तिकीट नाही, लस नाही, आणि बांधकामाचा नकाशा तपासून द्यायचं काम संस्थांना खरोखर हवं असतं. पाचपैकी साडेतीन. नकाशा हातात आला की टाकीचं आकारमान नंतर बघा, आधी रस्त्यापासूनचं अंतर मोजा. व्हॅक्यूम टँकर साधारण दोन-तीन मीटर खोलीपर्यंतच ओढू शकतो आणि टाकीपासून ३० मीटरच्या आत उभा राहावा लागतो. तेवढी जागा नकाशात नसेल तर टाकी सरकवा, नाहीतर उपसा हाताने चालवायच्या मैला-पंपाने करायचा धरून खड्डा लहान आणि उथळ काढा, आणि खड्ड्यात चिंध्या-प्लास्टिक पडणार नाही याची सोय त्याच नकाशात दाखवा. हा पंप तुंबतो तो त्यानेच.