एस्टीममधला रोल बार : एक पावसाळा काढल्यावर

माझी मारुती एस्टीम 2001 ची. एरवी रत्नागिरीतली रोजची कामं, आणि वर्षातून दोन-तीनदा धावपट्टीवरच्या ड्रॅग स्पर्धा. सरळ रेषेत 402 मीटर, बस्स. रोल बार म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून सीटमागे बसवलेली पाइपांची चौकट. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात जुन्या गाड्यांना त्याची सक्ती होते ती 11.49 सेकंदांच्या आत आल्यावर. माझी गाडी त्या आकड्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. पण वीसेक वर्षं खारा वारा खाल्लेला पत्रा उलटल्यावर टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून बसवला. 14 महिने झाले.

ग्रिलवाल्याकडचा शिवणीचा पाइप नको, सीमलेसच हवा, हे पक्कं होतं. मुख्य कमान 45 मिमी व्यासाची, 2.5 मिमी जाडीची, एफआयए या जागतिक मोटर-रेसिंग संघटनेच्या मापाची. सायलेन्सरवाल्याने वाकवून दिलेली पहिली कमान वळणावर आतून चुरगळली आणि भंगारात गेली. दुसरी कोल्हापूरहून मँड्रेलवर, म्हणजे पाइपाला आतून आधार देणाऱ्या दांड्यावर, वाकवून आणली.

वेल्डिंग मिरकरवाड्यातल्या एका चाचांनी केलं. बोटींची कामं करणारा माणूस. त्यांनी कार्पेट उचललं, डांबरी शीट खरवडली आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. भोकातून खालचा जांभा दिसत होता. ‘‘यावर बार उभा केलास तर गाडी उलटल्यावर पाइप खाली बाहेर येईल. आधी तळ कर.’’ दोन आठवडे नुसता तळच चालला होता. बार बसायला तीन दिवस लागले. प्रत्येक पायाखाली 3 मिमीची प्लेट, क्षेत्रफळ 120 चौरस सेंटिमीटरच्या वर, आणि 8.8 ग्रेडचे तीन एम-8 बोल्ट. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सोडवले, पेट्रोलची टाकी उतरवली, आणि शेजारी ओली पोती घेऊन मी उभा.

वजन वाढलं साधारण 28 किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहून थोडे जास्तच तांदूळ. वेळेत पडलेला फरक माझ्या क्लचच्या चुकांपेक्षा कमीच आहे. खड्ड्यातली मागची करकर मात्र गेली. दरवाज्यावर आदळलं तर हा चार पायांचा बार फारसं काही करणार नाही, ते मान्य करूनच घेतला.

गडबड झाली जुलैत. गाडीत कुबट वास. उजव्या पायाची प्लेट वरून रंगवली होती, पण खालच्या कडेला सीलर फिरवायचा राहिला होता. तिथून पाणी चढलं आणि तपकिरी ओघळ थेट सीटच्या रुळापर्यंत आला. घासून, रेड ऑक्साइड मारून, सीलर भरून, वर मेण फवारलं. इकडे बार लावणाऱ्याने पैसे वाचवायचेच तर रंगात वाचवावेत, सीलरमध्ये नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. रस्त्यावर हेल्मेट नसतं, आणि कमान डोक्यामागे वीतभरच. आधी गुंडाळलेला मऊ फोम मी काढून टाकला. रेसिंगचं कडक पॅडिंग महाग पडलं, पण घेतलंच. रोजच्या चालवण्यात कंपनीचाच सीटबेल्ट लावतो, हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा, फक्त धावपट्टीवर. आणि फेरबदलाचा प्रश्न आहे, तेव्हा पाइप कापण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. मी विचारलं ते काम झाल्यावर, आणि तिथे बरंच ऐकून घेतलं.

मागची सीट गेली ती गेलीच. गणपतीत आई म्हणाली, ‘‘गाडीत गोठा बांधलायस काय?’’ आता ती पुढे बसते. मागे आंब्याच्या चार पेट्या मावतात, फक्त आडव्या पाइपाखालून तिरक्या करून सरकवाव्या लागतात.