बेअर्सच्या रनिंग बॅकांचा सेट: पेटनचा गुडघा सोडला तर सुरेख

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे बघते. त्यामुळे हा खोका उघडल्यावर माझी नजर चेहऱ्यांवर गेलीच नाही, थेट पायांवर गेली. शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पाच रनिंग बॅकांचे हे वीतभर उंचीचे, हाताने रंगवलेले रेझिनचे पुतळे आहेत: ग्रेंज, नागुर्स्की, सेअर्स, पेटन आणि फोर्टे. एका छोट्या दुकानातून ऑनलाइन मागवले, १४० डॉलर पडले. शिकागोजवळ राहून बरीच वर्षं झाली आणि या संघावर माझा जीव आहे, म्हणून पैशांचा फार विचार केला नाही.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅककडून, म्हणजे चढाई चालवणाऱ्या सूत्रधाराकडून, चेंडू हातात घेऊन समोरच्या बचाव फळीत घुसणारा गडी. कबड्डीत चढाईला जाणारा जसा एकटा सात जणांत शिरतो तसंच, फक्त इथे समोर अकरा जण असतात आणि प्रत्येक जण अंगावर येऊन आदळतो. अशा माणसाचा पुतळा करायचा तर सगळी मेहनत कमरेखाली घ्यायला हवी. मी हा सेट त्याच निकषावर तपासला.

गेल सेअर्सचा पुतळा निव्वळ अप्रतिम आहे. उजवा पाय रोवलेला, डावा अजून हवेत, खांदे एका दिशेला आणि कंबर भलत्याच दिशेला. हुलकावणी देतानाचा नेमका तो क्षण पकडलाय. मोजे आणि पोटऱ्या चिखलाने माखल्यात, म्हणजे हा १२ डिसेंबर १९६५चा सेअर्स. त्या दिवशी रिग्ली फील्डवर, पावसाने राड झालेल्या मैदानात, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याने सहा टचडाउन केले, म्हणजे सहा वेळा चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला. चार धावून, एक पास झेलून ८० यार्ड पळत आणि एक पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू, परत आणताना ८५ यार्ड पळत. बाकीचे घसरून पडत होते आणि हा पोरगा पहिल्याच मोसमात त्यांच्यामधून वाट काढत होता. हेल्मेटवरचा ‘सी’सुद्धा पांढरा रंगवलाय. तेव्हा तो पांढराच असायचा, नारिंगी नंतर झाला. हे बघून माझं मन भरून आलं. कुणीतरी खरंच अभ्यास केलाय.

तो रोवलेला उजवा गुडघाच १९६८ साली गेला. बाजूने टॅकल बसली आणि लिगामेंट फाटले. आज माझ्याकडे अशी दुखापत घेऊन माणूस येतो तेव्हा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेली असते आणि व्यायामाचं महिन्यामहिन्याचं वेळापत्रक तयार असतं. तेव्हा यातलं काही नव्हतं. गुडघा उघडून शिवायचे आणि बाकी खेळाडूच्या जिद्दीवर सोडायचे. सेअर्स पुढच्याच वर्षी परतला आणि १,०३२ यार्ड धावून सबंध लीगमध्ये पहिला आला. मग १९७० मध्ये डावा गुडघा गेला. सगळे मिळून ६८ सामने, बस्स. तरीही वयाच्या ३४व्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे इतक्या लहान वयात पोचलेला दुसरा कुणी नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले माझे पेशंट कंटाळून रडकुंडीला येतात, तेव्हा मी हा पुतळा त्यांच्या हातात देते आणि १९६९चं ते वर्ष सांगते.

ग्रेंज आणि नागुर्स्की शेजारी शेजारी ठेवले तर जास्त शोभतात. रेड ग्रेंज व्हीटन गावात घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवायचा, त्या कामाने घडलेल्या मांड्या इथे चड्डीतूनही कळतात. १९२५च्या नोव्हेंबरमध्ये कॉलेजचा शेवटचा सामना झाल्यावर काही दिवसांतच तो बेअर्सकडून उतरला आणि व्यावसायिक फुटबॉलला गर्दी म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्याचाही गुडघा १९२७ साली दुखावला, पुढचं अख्खं वर्ष घरी बसावं लागलं. नंतर ती जुनी वळणं घेणं त्याला कधीच जमलं नाही, पण बचावात तो १९३४पर्यंत खेळत राहिला. ब्रॉन्को नागुर्स्की मात्र मान खाली घालून सरळ आत घुसणारा. पुतळ्यात मानेची जाडी बघून घ्या, डोकं आणि खांदे यांच्यामध्ये मान अशी उरलेलीच नाही. १९३२च्या निर्णायक सामन्यात बाहेर बर्फ आणि कडाक्याची थंडी, म्हणून खेळ शिकागो स्टेडियमच्या छपराखाली ८० यार्डांच्या आखूड मैदानावर झाला. नागुर्स्की आता घुसणार असं वाटत असताना तो मागे सरला आणि त्याने चेंडू ग्रेंजकडे फेकला. सामन्यातला एकमेव टचडाउन तोच.

आता वॉल्टर पेटन. याच्यासाठीच मी सेट घेतला आणि इथेच कारागीर चुकला. कपडे बरोबर आहेत. बाहीवर ‘जीएसएच’ ही संघाचे संस्थापक जॉर्ज हॅलस यांची आद्याक्षरंसुद्धा आहेत, म्हणजे हा १९८४चा किंवा त्यानंतरचा पेटन. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्याने सोल्जर फील्डवर जिम ब्राउनचा कारकिर्दीत १२,३१२ यार्ड धावण्याचा विक्रम मागे टाकला. पण पुढचा गुडघा छातीपर्यंत उचलून वाकवलाय, शर्यतीतल्या धावपटूसारखा. पेटन असा धावायचाच नाही! त्याचा पाय कमरेपासून सरळ फेकला जायचा, गुडघा जेमतेम वाकायचा. बघणाऱ्याला वाटायचं चालण्यातच काहीतरी दोष आहे. तो मिसिसिपीत पर्ल नदीच्या वाळूत पळून तयार झाला, इकडे आल्यावर अर्लिंग्टन हाइट्सच्या टेकडीवर जीव तोडून चढायचा. १३ मोसमांत फक्त एक सामना चुकला आणि १६,७२६ यार्ड झाले. माझ्या मते त्या ताठ पायाचा यात मोठा वाटा आहे, कारण आदळणाऱ्याला मुडपलेला गुडघा सापडतच नव्हता. हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून म्हणते. तो पाय दाखवला नाही तर पाठीवर ३४ नंबर लिहून काय उपयोग?

दुकानाला मी फोटोसह सविस्तर लिहिलं. उत्तर सभ्य आलं, साचा एकच आहे, बदलता येणार नाही म्हणाले. शिवाय पेटनच्या हातातल्या चेंडूचं टोक वाटेत तुटलं होतं, ते मात्र त्यांनी विनातक्रार बदलून दिलं.

मॅट फोर्टेचा पुतळा ठीकठाक. ८,६०२ यार्ड म्हणजे बेअर्सच्या इतिहासात पेटनच्या खालोखाल, पण त्याची खरी गंमत झेलण्यात होती. २०१४ मध्ये १०२ पास झेलले होते गड्याने. हात पुढे पसरलेला फोर्टे हवा होता, इथे चेंडू काखेत मारून नुसता उभा आहे. आणि नील अँडरसनला का वगळलं ते मला अजिबात पटलेलं नाही. पेटननंतर ते ओझं त्यानेच उचललं.

घ्यायचा असेल तर सेट घेऊ नका. सेअर्स, ग्रेंज आणि नागुर्स्की सुटे मिळतात, ते तीन जरूर घ्या. रंग पक्का आहे, ओल्या फडक्याने पुसला तरी जात नाही. घोट्यापाशी रेझिन नाजूक आहे, तेव्हा उचलताना खालच्या चौथऱ्याला धरा. माझा पेटन मी भिंतीकडे पाठ करून नाही, आडवा वळवून ठेवलाय. त्या बाजूने गुडघा कमी दिसतो आणि बाही नीट दिसते.