टेलिकॉमचा शेअर घ्यायचाय, पण कोणत्या जातीचा?

‘टेलिकॉममध्ये पैसे टाकायचेत’ एवढं ठरवून काहीच ठरत नाही. अमेरिकेतली मोबाइल कंपनी व्हेरायझन, भारती एअरटेल, टॉवर भाड्याने देणारी अमेरिकन टॉवर आणि कर्जात बुडालेली व्होडाफोन आयडिया या चौघी म्हणायला एकाच धंद्यातल्या. पण व्याजदर वाढले की पहिली आणि तिसरी घसरते, दुसरीला त्याचं फारसं काही वाटत नाही, आणि चौथीचे शेअरधारक कोर्टाच्या तारखेकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यामुळे कोणती कंपनी चांगली, हे विचारण्याआधी आपण कोणत्या बातमीवर पैसे लावतोय ते पाहिलेलं बरं.

चौघींत एक गोष्ट मात्र समान आहे. नेटवर्क उभं करायला पैसा आधी ओतावा लागतो आणि तो वसूल व्हायला वर्षं जातात. आलेल्या पैशातून सरकारचं परवाना शुल्क आणि स्पेक्ट्रमचे हप्ते जातात, कर्जाचं व्याज जातं, नव्या उपकरणांचा खर्च जातो. शेअरधारक रांगेत शेवटचा. भाव हलतो तो या शेवटच्या माणसाच्या हाती काय लागेल याचा अंदाज बदलला की. म्हणूनच निकालाच्या दिवशी ‘एबिटा वाढला’ असा मथळा दिसला की मी तरी लगेच खूश होत नाही. एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. त्यात व्याज धरलेलं नसतं, स्पेक्ट्रमचा बोजाही नसतो. २०१९ पासून आयएफआरएस १६ हा हिशेबाचा नियम लागू झाल्यावर अमेरिकेबाहेरच्या बहुतेक कंपन्यांत टॉवरच्या भाड्याचा मोठा भागही त्यातून बाहेर गेला. आकडा फुगतो, खिसा तेवढाच राहतो. बघायची ती भांडवली खर्च, व्याज आणि भाडं वजा जाऊन उरणारी रोकड.

लाभांशवाली

एटी अँड टी, व्हेरायझन, व्होडाफोन ग्रुप. ग्राहकसंख्या जवळपास स्थिर, वाढ नावापुरती, लाभांश भरघोस. असे शेअर लोक रोख्यांऐवजी घेतात, त्यामुळे त्यांची खरी स्पर्धा सरकारी रोख्यांशी असते. मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला अमेरिकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. रोख्यावर बिनघोर ५ टक्के मिळत असतील तर कर्जबाजारी कंपनीचे ७ टक्के घ्यायचे कशाला? त्याच जुलैत जुन्या, शिशाचं आवरण असलेल्या केबल जमिनीत आणि पाण्याखाली पडून असल्याची बातमी आली आणि एटी अँड टीचा भाव तीन दशकांच्या नीचांकाला गेला. धंदा एका रात्रीत बिघडला नव्हता. पण साफसफाईचं बिल किती येईल हे कोणालाच सांगता येईना, आणि अशा वेळी बाजार सगळ्यात वाईट आकडा धरून चालतो.

इथे बघायचं ते लाभांशाचा दर नव्हे, तो पेलायची ताकद. एटी अँड टीने २०१८ मध्ये टाइम वॉर्नर सुमारे ८,५०० कोटी डॉलरला घेतली, एप्रिल २०२२ मध्ये तो माध्यमांचा पसारा वेगळा काढला, आणि शेअरमागे वार्षिक २.०८ डॉलरचा लाभांश १.११ वर आणला. व्होडाफोनने २०१९ मध्ये १५.०७ युरो सेंटवरून ९ वर आणला, आणि २०२४ मध्ये तोही निम्मा, म्हणजे ४.५ वर आणण्याचं जाहीर केलं. लाभांशाचा दर अचानक फार आकर्षक दिसू लागला, तर बहुधा भाव पडल्यामुळे तसा दिसत असतो. कपात येणार हे बाजाराने आधीच ताडलेलं असतं. उलटही घडतं. २०२४ मध्ये एटी अँड टीने लाभांश एका सेंटनेही वाढवला नाही, तरी भाव चांगलाच चढला. कर्ज उतरतंय हे लोकांना दिसत होतं.

दरवाढवाली

एअरटेल, टी-मोबाइल यूएस. यांच्या भावाची किल्ली एका ग्राहकामागे महिन्याला मिळणाऱ्या पैशात, म्हणजे ‘आर्पू’त आहे. दर १५ टक्क्यांनी वाढवले म्हणून टॉवरचं वीजबिल वाढत नाही, त्यामुळे वाढीचा बराचसा भाग थेट नफ्यात उतरतो. जुलै २०२४ च्या दरवाढीआधीच्या तिमाहीत एअरटेलचा आर्पू २११ रुपये होता, ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये २४५. कोट्यवधी ग्राहकांवर हा ३४ रुपयांचा फरक म्हणजे काय ते लक्षात येईल.

याच दरवाढीत जिओचे जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत १ कोटीहून जास्त ग्राहक गळाले. नुसता मथळा वाचणारा घाबरला असता. पण आर्पू १८१.७ वरून १९५.१ रुपयांवर गेला होता. अशा वेळी आधी सुटतं ते दुसरं, नावापुरतं चालू ठेवलेलं सिम. ते बंद झालं तर आकडा पडतो, कमाई फारशी नाही. म्हणून एकूण ग्राहकांपेक्षा दूरसंचार नियामक ट्रायच्या मासिक अहवालातला सक्रिय ग्राहकांचा तक्ता जास्त खरं बोलतो. (जिओ घ्यायची म्हणून रिलायन्सचा शेअर घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की त्यासोबत तेलशुद्धीकरण आणि किराणाही येतो.)

धोका आहे तो चौथ्या खेळाडूचा. दरवाढ टिकते ती स्पर्धकानेही केली तर, आणि तीन कंपन्यांच्या बाजारात ते जमतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२० ला टी-मोबाइल आणि स्प्रिंट एक झाल्या, चाराच्या तीन उरल्या, आणि त्या शेअरकडे पाहण्याची नजरच बदलली. याच्या नेमकं उलट चित्र फ्रान्सचं. जानेवारी २०१२ मध्ये फ्री मोबाइल २ युरो आणि १९.९९ युरोचे प्लॅन घेऊन उतरली आणि जुन्या कंपन्यांची गणितं कोलमडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने भारतात काय केलं ते वेगळं सांगायला नको. दरवाढवाला शेअर घ्यायचा तर ग्राहकांपेक्षा नव्या खेळाडूवर आणि नियामकावर नजर हवी.

टॉवरवाली

अमेरिकन टॉवर, इंडस टॉवर्स. टॉवर यांचे, भाडेकरू मोबाइल कंपन्या. सगळ्यात शांत. भाड्याचे करार अनेक वर्षांचे, आणि त्याच टॉवरवर दुसरा भाडेकरू आला की त्याचं भाडं जवळपास निव्वळ नफा. भाव पडायची कारणं मोजकीच: व्याजदर वाढले, दोन भाडेकरू एक झाले (स्प्रिंटच्या नेटवर्कचे करार टप्प्याटप्प्याने संपत गेले, तेव्हा अमेरिकेतल्या टॉवर कंपन्यांना ते सोसावं लागलं), किंवा भाडेकरूने भाडं थकवलं.

सुटकेच्या आशेवरची

व्होडाफोन आयडिया. कर्जातून सुटका होईल या आशेवर इथला भाव चालतो. थोडं गणित करून बघा. दोन कंपन्या, प्रत्येकीची एकूण किंमत १००. पहिलीवर कर्ज ४०, म्हणजे शेअरधारकांचे ६०. दुसरीवर कर्ज ८५, शेअरधारकांचे १५. धंद्याची किंमत १० ने वाढली, तर पहिलीचे ६० चे ७० होतात, साधारण १७ टक्के. दुसरीचे १५ चे २५, म्हणजे ६७ टक्के. आणि १० ने घटली तर दुसरीच्या शेअरधारकाकडे उरतात ५. अशा शेअरची उसळी पाहून कंपनी सुधारली म्हणणं घाईचं आहे. बऱ्याचदा धंदा जरासा हलतो आणि बाकीचा खेळ कर्जाचा असतो.

व्होडाफोन आयडियाच्या भावाची गेल्या काही वर्षांची हालचाल पाहिली की हे डोळ्यांसमोर उभं राहतं. २४ ऑक्टोबर २०१९ ला एजीआरबद्दल (म्हणजे सरकारचं शुल्क ज्या महसुलावर मोजायचं त्याबद्दल) सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात आला आणि आधीच्या, जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या हिशेबात कंपनीने ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने हप्त्यांना चार वर्षांची सवलत दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या थकीत व्याजाचे शेअर सरकारने १० रुपये दराने घेतले. एप्रिल २०२४ मध्ये ११ रुपयांनी १८,००० कोटींचा एफपीओ, म्हणजे नव्या शेअरची जाहीर विक्री, आला. १९ सप्टेंबर २०२४ ला एजीआर निकालावरची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे कोर्टातली शेवटची दाद, फेटाळल्याचं कळलं आणि एका दिवसात भावाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे शेअर सरकारकडे गेले आणि सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्के झाला.

या बातम्यांतल्या निम्म्या ‘चांगल्या’ होत्या. पण देण्याचे शेअर झाले की जुन्या शेअरधारकाचा वाटा आक्रसतो. कंपनी तरते, तुमचा हिस्सा तरतोच असं नाही. इथे भाव नव्हे, एकूण शेअरची संख्या आधी बघावी. दहा रुपयांचा शेअर ‘स्वस्त’ आहे, हे तर बोलूच नये.

मग घ्यायचं काय?

नियमित उत्पन्न हवं असेल तर लाभांशवाली, पण कपात होऊन गेल्यावर आणि कर्ज उतरत असताना. कपातीआधीचा भरघोस दर पाहून नव्हे. पाच-सात वर्षं थांबायची तयारी असेल तर माझा कौल दरवाढवालीला, तीही ५जीवरचा मोठा खर्च ओसरत असलेली. सुटकेच्या आशेवरचा शेअर मी गुंतवणुकीत धरत नाही. ती सरकारी धोरणावरची पैज आहे, आणि कोणी ती तशीच समजून लावली तर माझी हरकत नाही.

एअरटेल आणि इंडस टॉवर्स दोन्ही घेऊन जोखीम विभागली, असं म्हणणारे बरेच भेटतात. व्होडाफोन आयडिया डळमळली तर तिचे ग्राहक मिळून एअरटेलचं भलं होतं, पण इंडसचा दुसरा मोठा भाडेकरू अडचणीत येतो. तिची थकबाकी बुडीत धरावी लागली म्हणून ऑक्टोबर-डिसेंबर २०२२ मध्ये इंडस तोट्यात गेली होती. इथवर विभागणी खरी. पण २०२४ च्या शेवटी इंडस एअरटेलची उपकंपनी झाली. तेव्हा एअरटेलचा शेअर घेतलात की इंडसचाही थोडा वाटा आपोआप हातात येतोच, आणि वेगळी इंडस घ्यायची ती व्होडाफोन आयडिया भाडं वेळेवर भरत राहील असं वाटत असेल तरच.